शहर आखायला सनद लागत नव्हती

ते प्रकरण अजूनही माझी पाठ सोडत नाही. फाळणीनंतर उल्हासनगरच्या लष्करी बराकींत सिंधी निर्वासितांची वस्ती झाली, तेव्हा मी तिथल्या ठाण्यात फौजदार होतो. बराकीच्या फरशीवर सरकारी माणूस चुन्याची रेघ मारी. रेघेच्या आत तुमचं कुटुंब, बाहेर शेजाऱ्याचं. चुना म्हणजे सरकार, हे लोकांच्या अंगी मुरलं होतं.

एके दिवशी विठ्ठलवाडीचा एक चहावाला खबर घेऊन आला. "साहेब, तो हॅटवाला नगररचनाकार बोगस हाय. मोकळ्या जागेत चुना मारतो, फी घेतो, नि लोक घरं बांधतात!"

पापड लाटून पोट भरणाऱ्या एका सिंधी विधवेनं तिथं घर बांधलं होतं. मी विचारलं, "माई, त्याचं प्रमाणपत्र पाहिलंत?"

ती हसली. "साईं, चूना डालनेवाले से कोई काग़ज़ माँगता है?"

हॅटवाल्याला ठाण्यात आणलं. त्यानं पाय पसरून आधी सिगारेट मागितली. "वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी. शहर आखायला काय लागतं, फौजदारसाहेब? कायदा दाखवा, आत्ता कोठडीत जातो."

मी पुस्तकं धुंडाळली. टांगा हाकायला बिल्ला लागत होता. शहर आखायला काही नाही.

"आधी काय करत होतास?" मी विचारलं.

"फौजेच्या ठेकेदाराकडे तंबूंच्या ओळी आखायचो. तंबू नि घरात फरक काय? एक गुंडाळता येतो, एवढाच."

कबुली मिळाली म्हणून आम्ही खूश. फसवणुकीचा गुन्हा लावला. कोर्टात त्याच्या वकिलानं विधवेला एकच विचारलं: आपण परीक्षा पास आहोत, असं हा कधी म्हणाला?

बाई खरं बोलली. "नहीं. पूछा ही किसने?"

आरोपी निर्दोष सुटला.

मग नोटिसा निघाल्या: आखणी अधिकृत तज्ज्ञाची नाही, सबब घरं बेकायदा. पाडकामाला बंदोबस्त माझाच. एका बड्या साहेबांनी त्या धुरळ्यात खुर्ची मांडून नियोजनबद्ध शहराचं महत्त्व सांगितलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

विधवा माझ्यापाशी आली. "साईं, वो छूट गया. फिर मेरा घर किस जुर्म में?"

अधिकार नसण्याचा गुन्हा कायद्याला त्या माणसात सापडला नाही, तिच्या भिंतींत सापडला. भिंतींना वकील नसतो, एवढंच त्या प्रकरणानं मला शिकवलं. खात्याच्या सगळ्या परीक्षा मी पास झालो होतो. मी काठी आडवी धरली.

"माई, मागे सरका."