सरकारी मीठ आणि भाऊसाहेबांचं डोकं

मिठागरात मीठ कोणी आणून टाकत नाही. ऊन पडतं, पाणी आटतं आणि मीठ आपोआप साचतं. कचेरीतले किस्सेही तसेच साचतात. फरक इतकाच, की किस्स्यांवर कर बसवायचं सरकारला अजून सुचलेलं नाही! ठाण्याच्या मीठखात्यातून मी कारकून म्हणून निवृत्त झालो, तेव्हा माझ्याकडे जे साठलं होतं, त्यातला उत्तम माल आमचे हेडक्लार्क भाऊसाहेब यांचा.

*

मिठाच्या प्रत्येक राशीतलं चिमूटभर मीठ भाऊसाहेब चाखत. कायद्यात असं कुठेही नव्हतं. पण जिभेवर ठेवताच ते सांगत, "हे कोपरीकडचं. यात माती आहे." कधी चुकत नसत. आणि चाखलेलं मीठ चक्क गिळत!

"अहो, थुंकून टाका की," मी एकदा म्हणालो.

भाऊसाहेब खवळले. "सरकारी माल थुंकायचा? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

*

पुढे सकाळी सकाळी त्यांचा चेहरा टम्म दिसू लागला. जोडा पायात शिरेना. कचेरीने एकमताने निदान केलं: हेडक्लार्कीची बढती मानवली!

त्यांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या काकूंनी, "ह्यांच्या अंगावर जरा मांस चढू दे" म्हणून गणपतीला नवस केला होता. तो मोदकांनी फेडला. आम्ही सगळे जेवून आलो. आजाराचा इतका गोड समारंभ मी पुन्हा पाहिला नाही.

*

मग भाऊसाहेब विसरू लागले. एकच पत्र पुन्हा पुन्हा मागवायचे, उत्तर हातात असताना उत्तर का नाही म्हणून विचारायचे. कोणाला काही वावगं वाटलं नाही. आमच्या खात्याचा कारभार वरपासून खालपर्यंत असाच चालत असे!

शंका आली ती एका दुपारी. भाऊसाहेबांनी शिपायाला उठून मुजरा केला आणि साहेबाला म्हणाले, "अरे, जरा पाणी आण."

आमचा इंग्रज साहेब नवा होता, मराठी कच्चं. त्याने मला विचारलं, "काय म्हणतो हा?"

"हुजुरांसाठी पाणी मागवू का, असं विचारतात."

साहेब खूश झाला. पण दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी त्यालाच खुर्ची पुसायला सांगितली, आणि तेवढं मराठी त्याला येत होतं.

*

साहेबाने ठरवलं, माणूस वेडा झाला. वेड्यांच्या इस्पितळात पाठवा. काकूंनी मला घरी बोलावून घेतलं. "भाऊजी, ह्यांना वेड्यांत नका हो घालू देऊ. तिकडून परत आलेला कोणी पाहिलाय का?"

कचेरीत तर्कांना ऊत आला. कोणी म्हणे मुंजा लागला, कोणी म्हणे इंग्रजी फार वाचलं. दुय्यम कारकून नाना यांनी तर्क केला नाही. त्यांनी फक्त आपली दौत भाऊसाहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

*

वेडाचा दाखला द्यायला सरकारी डॉक्टर आला. त्याने भाऊसाहेबांच्या डोक्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लघवी मागवली आणि काचेच्या नळीत घालून दिव्यावर उकळली. ती उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी गढूळ झाली.

"बिघडलंय डोकं आणि हा उकळतोय काय!" नाना कुजबुजले. "दोघांपैकी पाठवायचं कोणाला?"

डॉक्टर म्हणाला, "हा वेडा नाही. याचे कमरेतले गुरदे थकलेत. रक्त गाळलं जात नाही. तेच घाणेरडं रक्त डोक्यात गेल्यावर डोकं कसं चालेल?"

"म्हणजे विचार कमरेतून करायचा?" नानांनी विचारलं. आमच्या खात्यात बरेच जण त्याहून खालून करत!

डॉक्टरने दूध आणि जुलाब सांगितले. काकूंनी कल्याणहून वैद्यबुवा आणले, त्यांनी सूज पाहून मीठ बंद केलं. साहेबाचं डॉक्टरशी शिकारीवरून वाकडं होतं. त्याचं निदान न मानता साहेब म्हणाला, "थोडे दिवस थांबतो. मग मी स्वतः परीक्षा घेईन."

*

सूज उतरल्यावर साहेब भाऊसाहेबांच्या ओसरीवर येऊन बसला. बरोबर मी आणि नाना. दाराआड काकू, पदर तोंडात धरून. साहेबाने मिठाची वाटी पुढे केली. "सांग, कुठलं?"

भाऊसाहेबांनी चिमूट जिभेवर ठेवली. डोळे मिटले. "कोपरीकडचं. यात माती आहे."

मग शांतपणे पिकदाणी ओढली आणि साहेबाच्या देखत सरकारी मीठ थुंकून टाकलं!

साहेब ताडकन उठला. मी दाराकडे पाहिलं, तर काकू रडता रडता हसत होत्या. "आलं हो भाऊजी, डोकं ठिकाणावर आलं!"

नाना माझ्या कानाशी लागले. "उद्या जरा लवकर जायला हवं. दौत हलवायची आहे."