युद्धनौकेची हिरवी ओटी

आमच्या मांडवीच्या किनाऱ्यावरून समुद्रात उतरलेली एकही नवी होडी माझ्या थोरल्या नणंदेच्या हातची ओटी घेतल्याशिवाय गेलेली नाही, आणि गेलीच असेल तर ती धड परत आलेली नाही, असं माझ्या नणंदेचं म्हणणं आहे. यातला पहिला भाग मी डोळ्यांनी पाहिला आहे. दुसऱ्या भागावर मी वाद घालत नाही. लग्न होऊन ती सासरी गेली म्हणतात, पण सासर चार घरांवर आणि किनारा दोन्ही घरांना सारखाच जवळ, त्यामुळे ती कुठे गेलीच नाही. लेकीला माहेराहून पाठवताना ओटी भरतात ती तिनं पुन्हा यावं म्हणून. मग होडीला रिकामी कशी धाडायची, एवढा साधा तिचा हिशेब. गुडघाभर पाण्यात उतरून ती होडीच्या पुढच्या टोकाला हळदकुंकू लावते, नारळ, तांदूळ, खण ठेवते आणि होडीच्या कानात सांगते, “जा, पण परत ये.” होडीचा कान नेमका कुठे असतो हे तिला कुणी विचारलेलं नाही.

मी घाटावरची, कराडच्या बाजूची. मॅट्रिक पास, आणि शाळेत भूगोलात पहिली. त्या भूगोलाचा मला भलता ताठा होता. लग्नानंतर पहिल्यांदा किनाऱ्यावर गेले तेव्हा ओहोटी होती. लग्नातल्या नव्याकोऱ्या चपला वाळूवर काढून ठेवल्या आणि चंद्र समुद्राचं पाणी कसं ओढतो ते मी नणंदेला हातवारे करून समजावत बसले. ती मान हलवत ऐकत होती. माझं समजावून संपेपर्यंत भरती आली होती आणि चपला लाटेवर बसून दूर निघाल्या होत्या. नणंद शांतपणे म्हणाली, “चंद्रानं नेलीन गो वयनी तुझी चपल.”

तरी माझी रग जिरली नाही. पुढच्याच महिन्यात दिराची नवी होडी पाण्यात जायची होती, तेव्हा मी नाक वर करून विचारलं, लाकडाला कसली आली ओटी? नणंदेनं तबक माझ्या हातात दिलं आणि मला पाण्यात उभं केलं. पहिली लाट पोटरीला लागली मात्र, मी तबक सोडून होडीच्या गळ्यात पडले आणि अशी किंचाळले की होडी ढकलायला आलेले बाप्ये ढकलायचं विसरले. तेव्हापासून मी कोरड्या वाळूत उभी राहून तांदूळ लांबून फेकते. वाडीत मला ‘कोरडी वयनी’ म्हणतात. आता नातवंडं झाली, तरी बढती मिळालेली नाही.

नणंदेचा अधिकार फक्त आपल्या माणसांच्या होड्यांवर आहे असं मात्र समजू नका. दालद्यांच्या, म्हणजे मुसलमान कोळ्यांच्या, ट्रॉलरवर मौलवींचा फातिहा झाला की ही नारळ घेऊन हजर. तेही तिच्यासाठी थांबतात. एकदा जेट्टीला पहाऱ्याची एक नवी वेगवान बोट लागली. साहेबानं हिला अडवलं, इथे फोटो काढायला बंदी आहे म्हणून. ही म्हणाली, “फोटो कोण काढतंय? मी ओटी भरायला आलंय. तुझ्या आईनं तुला रिकामा धाडलान काय?” साहेबानं आधी इकडेतिकडे पाहिलं आणि मग टोपी काढून हातात धरली. तिचा नवरा गेल्यावर कुणीतरी हळूच सुचवलं की आता ओटी एखाद्या सवाष्णीनं भरावी. ही म्हणाली, “बोटीला इचारून या. ती नको म्हणाली तर मी येत नाय.” बोटीला विचारायला कुणी गेलं नाही.

अशी बाई गप्प बसलेली मी एकदाच पाहिली. माझी सून कॉलेजात शिकवते. एका संध्याकाळी ती फोनवर बातमी वाचून दाखवत होती की आपलं नौदल नव्या प्रचंड बोटी घेणार आहे. शेकडो जवान, रणगाडे, हेलिकॉप्टरं, आत अख्खा दवाखाना. कुठे पूर आला, भूकंप झाला, तर बंदर नसलेल्या किनाऱ्यावरसुद्धा माणसं आणि सामान उतरवायचं. तिथवर नणंद कोलंबी सोलत ऐकत होती. मग सुनेनं सांगितलं की ही बोट मागचा दरवाजा उघडून मुद्दाम पोटात पाणी घेते, आणि त्या पाण्यावर तरंगत तिच्या पोटातून लहान लहान बोटी बाहेर पडतात.

नणंदेचा हात थांबला. जिचा जन्म बोटीतलं पाणी उपसणाऱ्या माणसांत गेला, तिला आपणहून पाणी घेणारी बोट ही गोष्ट पचायला वेळ लागणारच. तिनं ते तीनदा वाचून घेतलं. मग अगदी हळू, देवळात बोलावं तशी म्हणाली, “म्हणजे पोटुशी हाय गो ती.”

झालं. पोटुशीची ओटी साधी चालत नाही. हिरवा खण हवा, हिरव्या बांगड्या हव्यात, पाच फळं हवीत. दुसऱ्याच दिवशी रिक्षा करून आम्ही बाजारात गेलो. दुकानदारानं विचारलं, कुणाकडे डोहाळजेवण? नणंद म्हणाली, “नौदलाकडे.” त्यानं खणाला दोनदा घडी घातली.

घरी येऊन तिनं सुनेला विचारलं, बोट कधी येणार? सून अवघडली. म्हणाली, “आत्या, आत्ता फक्त घ्यायचं ठरलंय. मग कुणी बांधायच्या ते ठरेल, मग बांधायच्या. बरीच वर्षं जातील.” नणंदेनं ऐंशी कधीच ओलांडली आहे. तिनं खण मांडीवर घेतला आणि त्याची घडी नीट करत राहिली. मग म्हणाली, “एवढी माणसं पोटात घेऊन जायची, आणि जाताना तिला परत ये म्हणणारं कोण?”

तिचा जीव रमावा म्हणून आम्ही तिला हेदवीला दशभुजा गणपतीच्या दर्शनाला नेलं. जयगडहून तवसाळला गाड्या नेणारी फेरीबोट आहे. पलीकडे पोचल्यावर तिचा पुढचा लोखंडी दरवाजा खडखडत खाली आला, किनाऱ्याला टेकला आणि पोटातून एकेक गाडी बाहेर पडू लागली. नणंद हात जोडून बघत राहिली. तिचा चेहरा मला एकदम लहान मुलीसारखा वाटला. “हिची आई कवढी असेल गो,” ती म्हणाली. मग पिशवीतून नारळ काढून ती सरळ दरवाजाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. मागे डंपरवाला हॉर्न वाजवत होता. खलाशी त्याला म्हणाला, “बाबा, थांब जरा. बोटीची आत्या आलीय.”

हेदवीला ती गणपतीसमोर बराच वेळ उभी राहिली. मी मनात म्हटलं, मागून घे बाई दहा-पंधरा वर्षं, देवाकडे काय कमी आहेत? परतताना फेरीबोटीवर तिला विचारलं, काय मागितलंत वन्सं?

“तुझं आयुष्य,” ती म्हणाली. “माझं कुठचं पुरतंय तेवढं? तू बारकी हायस. तू भर तिची ओटी. पण कोरड्यातनं नाय हां.” आणि हिरवा खण तिनं माझ्या पदरात घातला.

हल्ली रोज संध्याकाळी आम्ही दोघी मांडवीला जातो. ती बंधाऱ्यावर बसते. चपला मी तिच्या पायाशी ठेवते, चंद्राचा भरवसा नाही. मग साडी खोचून पाण्यात शिरते. घोट्यापर्यंत जमलं आहे. गुडघा अजून लांब आहे, पण बोटही अजून लांबच आहे. लाट आली की मी थबकते. मागून आवाज येतो, “अजून.” मी एक पाऊल टाकते. आवाज येतो, “अजून.” पुढच्या पावलाआधी मी वळून पाहते, ती आहे ना तिथे. ती लांबूनच हात हलवून रागावते.

“मागं काय बघतंस गो? बोट पुढनं येणार हाय.”