गच्चीवरचं ऊन

आयटीतली नोकरी लागल्यावर मी कोथरूडला फ्लॅट घेतला आणि आईला तिथे आणलं. एकदा ती बाथरूमच्या दारात अडखळली आणि तिचं मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्याने हाड मोडलं म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासलं. ड जीवनसत्त्व फारच कमी निघालं. गोळ्या सुरू झाल्या, शिवाय रोज थोडं ऊन घ्यायला सांगितलं. पण समोर नवी इमारत झाल्यापासून आमच्या घरात ऊन येत नव्हतं आणि गच्चीला सोसायटीचं कुलूप होतं.

"मी चेअरमनशी बोलते," मी म्हटलं.

"हात मोडलाय, जीभ नाही," आई म्हणाली.

सोसायटीच्या सभेत ती प्लास्टरमधला हात सांभाळत उभी राहिली. "अहो, गच्ची आपण फक्त टाक्यांसाठी बांधलीय का?"

"काकू, वर कोणी पडलं तर जबाबदारी कोणाची?" चेअरमननी विचारलं.

"मी घरात पडले, तेव्हा कोणी घेतली होती?"

सगळे हसले, चेअरमनसुद्धा. दुसऱ्या दिवशी कुलूप निघालं.

हळूहळू इमारतीतली सगळी म्हातारी मंडळी सकाळी वर जमू लागली. आई त्यांच्याकडून व्यायामही करून घेई. कंपनीच्या बसची वाट पाहताना खालून त्यांची रांग दिसायची. एकदा बसथांब्यावर शेजारी उभ्या असलेल्या मुलीने वर काय चाललंय असं विचारलं, तेव्हा मी मुद्दाम मोठ्याने सांगितलं, "ती पुढे उभी आहे ना, ती माझी आई."