नारळाचा मान

नोकरीत माझ्या हातून चुका पुष्कळ झाल्या. त्यांतली एक अजून सलते, कारण ती मी भर बाजारात केली.

मी तेव्हा मालवण किनाऱ्यावरच्या एका ठाण्यात फौजदार होतो. गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता आणि वरून सारख्या सावधगिरीच्या सूचना येत. आमच्या हद्दीत एक निवृत्त खलाशी राहायचा. महायुद्ध संपल्यावर तो बोटीवरून जपानला जाऊन आला होता. तेव्हापासून आठवडी बाजारात उभा राहून अणुबॉम्बविरुद्ध बोलायचा. समुद्रातल्या बॉम्बच्या चाचण्या थांबवा, एवढेच त्याचे म्हणणे. लोक त्याला ‘बॉम्बवालो’ म्हणत.

त्या वर्षी गावाने नारळी पौर्णिमेला त्याचा सत्कार ठरवला. दर्याला पहिला नारळही त्यानेच द्यायचा होता. हा मान गावातल्या एका मानकरी घराण्याचा, पिढीजात. तो नारळ दिल्याशिवाय एकही होडी पाण्यात जात नाही.

ठाण्याच्या खबऱ्याने नेमके यावरच बोट ठेवले. मानकऱ्याने मान सोडला, म्हणजे खलाशाने तो परदेशी पैशाने विकत घेतला. मला ते पटले. मी घाटावरचा. मानापानावरून डोकी फुटलेली मी पाहिली होती. मान आपण होऊन कोणी सोडतो, हे कधी पाहिले नव्हते. पौर्णिमेच्या सकाळी खलाशाला बाजारातून आणायला निघालो, तेव्हा हवालदार म्हणाला, “साहेब, नारळ होऊन जाऊ दे, मग आणू.” तो इथलाच होता. मी ऐकले नाही.

झडतीत काही मिळाले नाही. मी पैशाचे पुन्हा पुन्हा विचारत राहिलो.

“माका पैसो कोण देतलो, साहेब? चायत साखर पण बायल मोजून घालता.”

जपानात बॉम्ब पडलेल्या शहरात काय पाहिलेस, असे विचारल्यावर तो म्हणाला, “बंदर होता. शार खंय दिसाक नाय.”

खोटे बोलणारा तपशील वाढवत जातो. हा तेवढेच बोलला. मला ते कळत होते, तरी मी त्याला सोडले नाही.

संध्याकाळी म्हातारा मानकरी स्वतः ठाण्यात आला. होड्या अजून वाळूवरच होत्या. दुसऱ्या कोणी नारळ द्यायला गाव तयार नव्हता.

“मान मी इकूक नाय, दिलंय,” तो म्हणाला. “आमी वर्साक एक नारळ देतंव. ह्यो वर्सभर दर्यासाठी बोलता. आता मान कोणाचो, तुमीच सांगा.”

मी खलाशाला सोडले. नारळ अंधार पडता पडता दिला गेला. सत्काराचे पाहुणे तोवर निघून गेले होते. संशयास्पद काही नाही, अशी नोंद मी स्टेशन डायरीत केली आणि प्रकरण मिटले असे धरून चाललो.

ते मिटले नव्हते. माझी बदली झाल्यावर हवालदाराने भेटीत सांगितले, की पोलिसांनी नेलेला माणूस म्हणून लोक खलाशापासून लांब राहू लागले आणि शेवटी त्याने बाजारात बोलणेच सोडले. माझी नोंद ठाण्यातच राहिली होती. संशय मात्र आम्ही सगळ्यांदेखत वाटून आलो होतो.

निवृत्त झाल्यावर बाजाराचा दिवस पाहून मी खलाशाच्या घरी गेलो. माफी तिथेच मागणे सोपे होते. पण मी त्याला बाजारात यायची विनंती केली. त्याच्या जुन्या जागेवर उभा राहून मी माझा हुद्दा सांगितला आणि म्हणालो, “या माणसाला मी इथून नेले होते. त्याने कोणाचा पैसा घेतला नव्हता. चूक माझी होती. त्याची आणि तुमची मी क्षमा मागतो.”

खलाशाने माझ्या दंडाला धरून मला थोडे बाजूला केले.

“वायच बाजूक रवा, साहेब. माका बोलूचा आसा.”