दगाभाऊने सोडलेला चेंडू

बाजाराचा दिवस होता. मी दुकानात मांजरपाट मोजत होतो आणि बाहेर ओट्यावर नथ्थूचं शिलाईचं मशीन खडखडत होतं. ते अचानक थांबलं. नथ्थू शिवण पुरी झाल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाही, म्हणून मी वर पाहिलं. ओट्यापाशी दगाभाऊच्या गावचा एक माणूस टोपी हातात घेऊन उभा होता. नथ्थू माझ्याकडे न बघता म्हणाला, "दगाभाऊ गया, शेठ." तीन आठवड्यांपूर्वीच मी त्याला भेटून आलो होतो. ताप उतरला होता, भाकरी मागत होता, मशेरीची डबी उशाशी होती... त्या दिवशी गिऱ्हाइकाला मी किती कापड फाडून दिलं, ते मला आजही सांगता यायचं नाही.

दगाभाऊ म्हणजे आमच्या शहाद्याच्या फुटबॉल क्लबचा फुलबॅक. आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, तेव्हा या तिसऱ्याला दृष्ट लागू नये म्हणून आईने असलं नाव ठेवलं. आमच्याकडे गावोगावी दगा आणि भिका सापडतात ते असेच. पण इतका भरवशाचा माणूस मी दुसरा पाहिला नाही. शेतातली कामं उरकून तो दोन कोस चालत यायचा, गोमाईच्या काठच्या आमच्या मैदानावर अनवाणी उतरायचा, आणि त्याच्या अंगावरून चेंडू पुढे नेणं म्हणजे भरल्या गाडीसमोरून बैल वळवण्यासारखं होतं. खेळून झालं की चेंडू घरी नेऊन त्याला भुईमुगाचं तेल चोळायचा. त्याची बायको म्हणायची, घरातलं अर्धं तेल त्या चामड्यालाच लागतं.

मी मारवाड्याचा. घरी मारवाडी, शाळेत मराठी, बाजारात अहिराणी अशा तीन बोलींत वाढलेला, आणि तरुणपणी स्वतःला कवी समजणारा. क्लबला गाणं पाहिजे असं ठरल्यावर मी चांगलं बारा कडव्यांचं रचून आणलं. त्यात वीर होते, रणांगण होतं, विजयश्रीची माळसुद्धा होती. दगाभाऊने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "शेठ, हाई गानं म्हनाकरता आंग धोईसन बसनं पडी." सगळे हसले, मी फुगून घरी गेलो. दोन दिवसांनी राग निवल्यावर बाजारातल्या बोलीत दोनच ओळी लिहिल्या:

बूट तुम्हना तुमलेच ऱ्हाऊ दे,
उघडा पाय शेतस, यासले धाऊ दे.

बूट तुमचे तुमच्यापाशी राहू द्या, आमचे उघडे पाय आहेत, त्यांना धावू द्या. एवढाच त्याचा अर्थ. पण महिन्याभरात ते गाणं अख्ख्या शहाद्याच्या तोंडी बसलं. सामन्याला रंग चढला की लोक बाकीचे शब्द टाकून द्यायचे आणि नुसतं "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे" असा ठेका धरायचे. मी मैदानाच्या कडेला ताठ मानेने उभा असायचो. गोल कोणीही करो, मिरवायचो मी.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी तेव्हा माझ्या डोक्यात आली नाही. नथ्थू आमचा गोलकीपर. चेंडू त्याच्या आटोक्यातला असला की तो मागून ओरडायचा, "ऱ्हाऊ दे!" म्हणजे तू पाय घालू नको, मी घेतो. दगाभाऊ मागे वळूनही बघायचा नाही. शब्द ऐकला की पाय उचलायचा आणि चेंडू नथ्थूच्या हातात जायचा. त्या दोघांचं हे इतकं मुरलेलं होतं की बघणाऱ्याला गंमत वाटायची.

त्या वर्षी आम्ही जिल्ह्याच्या ढालीच्या शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलो. सारंगखेड्याला नावेतून तापी ओलांडली, पलीकडून लॉरीने धुळे गाठलं. समोरचा संघ बूट घालून खेळणारा, एकेक गडी धिप्पाड. दगाभाऊची नडगी मध्यंतरापर्यंतच सोलून निघाली होती, पण त्याने एकालाही आत येऊ दिलं नाही. शेवटची चार-दोन मिनिटं उरली, गोल कोणाचाच नव्हता, आणि आम्ही शंभरेक शहादेकर आमच्याच गोलामागे उभे राहून छाती फुटेस्तोवर ठेका धरून होतो. एक चेंडू घरंगळत आला. जोर नव्हता त्यात. दगाभाऊ त्याच्या वाटेतच उभा होता. त्याने पाय उचलला... आणि चेंडू त्याच्या पायाखालून, गोंधळलेल्या नथ्थूच्या बाजूने, हळूच आत गेला. आमचं गाणं त्यानंतरही क्षणभर चालूच होतं.

सगळे त्याच्यावर तुटून पडले. तो एवढंच म्हणाला, "माले वाटनं, चेंडू बाहेर जाई. मन्ही चूक शे." शेंबडं पोरही सांगेल की तो चेंडू बाहेर जाणारा नव्हता. परतीच्या नावेत कोणी बोलत नव्हतं. मला मात्र राहवेना. कवी ना मी! नावेच्या एका टोकाला बसून, त्याला ऐकू जाईल अशा बेताने मी म्हणालो, "दगानी दगा दिधा." नाव हसली. इतका वेळ तुंबलेलं सगळं त्या एका वाक्यावर बाहेर पडलं आणि मला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं.

माझ्या गाण्यापेक्षा ते वाक्यच जास्त गाजलं. त्याने बाजारात कापूस आणला तर वजन करणारा म्हणायचा, दगाचा माल आहे, नीट बघून घ्या. लेकीच्या सोयरिकीत व्याह्यांनीसुद्धा थट्टेत तेच विचारलं. तो हसायचा. क्लबमधून मात्र हलला नाही. गुडघा गेल्यावर खेळ सुटला, तरी प्रत्येक सामन्याला यायचा आणि गोलाच्या डाव्या अंगाला एका चपट्या दगडावर बसायचा. गाणं सुरू झालं की सगळे शब्द म्हणायचा, फक्त "ऱ्हाऊ दे" आलं की तोंड मिटायचा आणि उजवी टाच जमिनीवर घट्ट दाबायचा. मला वाटायचं, ताल धरतो आहे. महायुद्धाच्या दिवसांत चेंडू मिळेनासे झाले, क्लब बंद पडल्यातच जमा होता. तेव्हा जुन्या चेंडूला मोच्याकडून ठिगळं मारून घेऊन नव्या पोरांना खेळवत राहिला तो दगाभाऊच. मैदानावर नांगर फिरला नाही याचं श्रेय त्याच्या एकट्याचं आहे.

शेवटच्या भेटीत मी त्याला म्हणालो, आता क्लब पुन्हा नीट उभा राहतोय, मी नवं गाणं लिहितो. ते जुनं अपशकुनी आहे. तो उशीवर कोपर टेकून उठला. "नही शेठ. तेच ऱ्हाऊ दे," म्हणाला, आणि स्वतःशीच बराच वेळ हसला. मला ते आजारपणातलं हसणं वाटलं.

त्याच्या दहाव्याला नदीवरून परत येताना नथ्थू माझ्या शेजारून चालत होता. पंधरा वर्षं हा माणूस माझ्या ओट्यावर बसतो. त्या दिवशी तो पहिल्यांदा सांगू लागला... त्या नावेत, माझ्या वाक्यावर सगळे हसत असताना, दगाभाऊ त्याच्या कानाशी वाकला होता. "नथ्थू, तू आवाज दिधा व्हता का?" नथ्थू म्हणाला, नाही. त्यावर दगाभाऊ म्हणाला, "मंग ते गानं व्हतं. शेठले सांगू नको. तो गानं मोडी टाकी."

दगाभाऊने खरं कारण सांगितलं असतं, तर ती ढाल माझ्या दोन ओळींनी घालवली हे गावाला कळलं असतं, आणि त्याचं नाव धुतल्यासारखं झालं असतं. एका वाक्याचं काम होतं. मी त्याच्यावर वाक्य केलं, आणि त्याने आपलं वाक्य मरेपर्यंत गिळलं. मी नथ्थूला विचारलं, तू तरी का नाही बोललास? तो म्हणाला, "त्यानी सांगेल व्हतं ना, शेठ." या माणसांपुढे मी कवी म्हणून मिरवलो, याची मला मनापासून लाज वाटते. म्हणून हे छापून सांगतो आहे: दगाने कोणालाही दगा दिला नाही. त्याने शब्द ऐकला आणि भरवशाने पाय उचलला. तो शब्द माझा होता.

परवा नव्या हंगामासाठी मैदान सारखं करायला माणूस लावला होता. मीही जाऊन उभा राहिलो. दगाभाऊच्या दगडापुढे जमिनीत एक खळगा पडला आहे, वाटीएवढा, टाचेने दाबून दाबून झालेला. फावडेवाला तिथे येऊन थांबला. "शेठ, हाऊ खड्डा बुजी टाकू का?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, "ऱ्हाऊ दे."