बाळंतिणीने बसायचं नाही

धाकट्या जावेचं दुसरं बाळंतपण मी केलं. तिची आई नव्हती, पहिल्या वेळचं करणारी मावशी यंदा अंथरुणाला खिळलेली, आणि आमच्या सासूबाईही जाऊन बरीच वर्षं झालेली. पण खरं सांगायचं तर यातलं कुणी असतं तरी मी त्यांना हात लावू दिला नसता. अंबरनाथला कारखान्याच्या घरांच्या आमच्या ओळीत बाळंतपण म्हटलं की बायका माझा सल्ला घ्यायला यायच्या. शेगडीत शेपा किती टाकायच्या, पोट कितव्या दिवसापासून बांधायचं, डिंकाच्या लाडवात खारीक किती, सगळं मला पाठ. दोनेक शहाण्या मुली प्रसूतिगृहातून घरी आल्या की नर्सने सांगितलेलं सोडून मी सांगितलेलं करायच्या. मला त्याचा केवढा तोरा होता, आज आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

माझा सगळ्यात कडक नियम असा की बाळंतिणीने बसायचं नाही. चाळीस दिवस बाजेवर सपाट आडवं पडून राहायचं, पोट घट्ट बांधलेलं, बाजेखाली शेगडी. पाजायलासुद्धा कुशीवर वळायचं. बसलं की पोट सुटतं आणि कंबर जन्मभर धरते, असं मला माझ्या आत्याने शिकवलं होतं. मी ते पुढे किती जणींना शिकवलं, देव जाणे.

तिसरा आठवडा लागला आणि जावेच्या छातीत दुखायला लागलं. दुखायचं, थांबायचं, पुन्हा दुखायचं. मग काय, जो तो वैद्य झाला. चिखलोलीहून दूध घालायला येणारी बाई उंबऱ्यातूनच म्हणाली, "बाय, दूद गोठलंय तिचं." शेजारणीचं म्हणणं, बाळ उचलताना बरगडीत लचक भरली. भावोजी म्हणाले, "वहिनी, लाडू जरा कमी करा, पित्त झालंय तिला." मी कोबीची पानं बांधून पाहिली, तेल चोळलं, ओव्याचं पाणी दिलं. भावोजींनी सांगितलं म्हणून लाडू मात्र मुळीच कमी केले नाहीत. पुरुषांनी मला लाडू शिकवायचे म्हणजे काय!

पण ती स्वतः काय सांगत होती, ते फक्त मी ऐकलं होतं. दुपारी मी शेक द्यायला गेले की ती हळूच म्हणायची, "जाऊबाई, आडवं झालं की दडपण येतं हो. श्वास पुरत नाही. थोडं टेकून बसले की उतरतं." एकदा मी गेले तर तिने दोन गोधड्या घडी करून पाठीशी घेतल्या होत्या आणि भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. चेहरा शांत दिसला. मी त्या गोधड्या ओढून काढल्या.

"लोक काय म्हणतील, कुणी केलं हे बाळंतपण?" मी म्हणाले, आणि पोटाचा पट्टा आणखी एक वेढा आवळला.

एवढ्यावर थांबले नाही. बारशाचं ठरवायला ओळीतल्या चारजणी आल्या होत्या, त्यांच्यासमोर मी मजेत म्हणाले, "आमच्या महाराणींना लोड-तक्क्याला टेकून दरबार भरवायचाय!" सगळ्या खो खो हसल्या. तीही हसली. हसता हसता तिला खोकला आला, तर मी म्हटलं, बघा, सोंगं किती.

रविवारी भावोजींनी माझं न ऐकता टांगा आणला. उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात एका बराकीत एक सिंधी डॉक्टर बसायचे. फाळणीनंतर इकडे आलेले, पन्नाशीचे, हळू बोलणारे. पडद्यामागे तपासायला घेतलं तेव्हा आत आम्ही दोघी, भावोजी बाहेर बाकावर. डॉक्टरांनी नाडी पाहिली, छातीला नळी लावली, पायाच्या सुजेवर अंगठा दाबला. मी लगेच म्हणाले, टांग्यात पाय लोंबले ना, म्हणून. मग त्यांनी तिला विचारलं, "बहनजी, सोते वक्त कितने तकिये लगते हैं?"

असला प्रश्न कुणी डॉक्टर विचारील असं मला वाटलंच नव्हतं. उशा? त्याचा छातीशी काय संबंध? तिने उत्तर देण्याआधी माझ्याकडे पाहिलं. ती परवानगी मागत होती, हे मला त्या क्षणी कळलं होतं. कळलं नाही असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं, पण कळलं होतं. आणि मीच बोलले, "एकच उशी. सपाट झोपते. काही त्रास नाही."

तिने मान खाली घातली.

डॉक्टरांनी पुन्हा एकदा तिच्या पायाच्या सुजेकडे पाहिलं. मग म्हणाले, बाळंतपणानंतर छाती बऱ्याच कारणांनी दुखते, दूध साचतं, बरगडीचे स्नायू दुखावतात, जळजळ होते, बहुतेक वेळा एवढंच असतं. चोळायला औषध दिलं, बाटलीत मिक्श्चर दिलं. निघताना मला पुन्हा बजावलं, "माताजी, लेटने से साँस फूले तो फौरन लाना. रुकना नहीं." मी मान डोलावली. परतीच्या टांग्यात मी जिंकल्यासारखी बसले होते.

चार दिवसांनी, पुरुष कामावर गेल्यावर, मी तिला कढत पाण्याने न्हाऊ घालून बाजेवर आडवी केली आणि शेगडी सरकवली. स्वयंपाकघरात गेले तर मागून खोकला. परत आले तेव्हा ती बाजेच्या कडेला हात रोवून बसली होती, ओठ जांभळे, घशात घरघर, तोंडाशी फेस. मला म्हणायचं होतं, आडवी हो. शब्द तोंडात आला होता! शेजारीण बाळाला घेऊन गेली, रात्रपाळी करून घरी आलेला तिचा नवरा सायकलवरून डॉक्टरांना आणायला कॅम्पात सुटला. मी तिच्या पाठीशी बसून राहिले. पट्ट्याची गाठ माझ्याच हातची, ती मला सुटेना. शेवटी सुरीने कापला.

डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, पाय बाजेखाली सोडून बसवून ठेवलं. मग माझ्याकडे वळले. "लेटने पर साँस कब से फूलती है?"

मी म्हणाले, "आजच."

दुसऱ्यांदा. ती समोर गुदमरत असताना. अजूनही मला माझ्या ओळीतली अब्रू दिसत होती. पण या वेळी तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. श्वासाश्वासागणिक एकेक शब्द काढत ती म्हणाली, "पंधरा... दिवस... डॉक्टर."

डॉक्टरांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. तिचं हृदय सैल पडलं होतं, बाळंतपणानंतर एखादीचं पडतं, अंगात पाणी साचतं, म्हणून झोपल्यावर कोंडतं आणि बसल्यावर सुटतं. हे सगळं त्यांनी नंतर भावोजींना समजावून सांगितलं. मीठ बंद, महिनोन्महिने विश्रांती, आणि पुढे मूल नाही. इस्पितळात ती तीन आठवडे होती. वाचली. स्वतःच्या त्या दोन शब्दांनी वाचली, माझ्यामुळे नव्हे.

घरी आली त्या आठवड्यात भावोजींनी माझ्यापुढे एक लुगडं ठेवलं, हिरवं, जरीच्या काठाचं. बाळंतपण करणारीला साडीचोळी द्यायची पद्धत आहे. "वहिनी, तुम्ही त्या दिवशी घरी होतात म्हणून ती आहे," ते म्हणाले आणि माझ्या पाया पडले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तरी मी आशीर्वाद दिला.

दुसऱ्या दिवशी ते लुगडं घेऊन मी तिच्या खोलीत गेले. खिडकीशी खुर्चीत बसून ती बाळाच्या टोपड्याला बंद लावत होती. मी म्हणाले, "हे मला नको. मी भावोजींना सगळं सांगते. उशीचं, डॉक्टरांचं, सगळं." बोलताना मला रडू फुटलं. तिने मला रडू दिलं. समजूत घातली नाही, माझा हातही धरला नाही. दोरा दाताने तोडला आणि लुगड्याची घडी माझ्याकडे सरकवली.

"नेसा, जाऊबाई," ती म्हणाली. "नाही नेसलात तर लोक विचारतील, कुणी केलं हे बाळंतपण."

माझेच शब्द. रागाने म्हणाली की मायेने, तिच्या तोंडाकडे पाहून मला ठरवता आलं नाही, आणि विचारायचं धाडस पुढे कधी झालं नाही. मी आत जाऊन ते लुगडं नेसले.