लाल छापण्याआधी

वसंतमामा गेला तो ईद-ए-मिलादच्या दिवशी, शनिवारी. मी सकाळी रोह्याच्या बँकेच्या दारात उभा होतो आणि बँकेला कुलूप होतं. घरात सख्ख्या मामाने छापलेलं कॅलेंडर, त्यात ती तारीख ठसठशीत लाल, आणि मी न बघता पासबुक घेऊन बाहेर पडलेला. मामाला हे कळलं तर वर्षभर चिडवील, असं मनाशी म्हणत मी वरसेला घरी परत आलो, तर शेजारच्या काकू फाटकातच उभ्या होत्या. पेणहून दीपकचा, मामाच्या मुलाचा, फोन येऊन गेला होता. मामाने सकाळी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि तिथेच खुर्चीत मान टाकली. आजारपण नाही, दवाखाना नाही. पेणला जाणाऱ्या एस.टी.त बसलो तेव्हा माझ्या खिशात पासबुक तसंच होतं आणि मला रडू यायच्या ऐवजी सारखं तेच आठवत होतं, की आज सुट्टी आहे हे मामाने मला आठ महिने आधी सांगून ठेवलं होतं.

मामाचा पेणला छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांची पत्रकं अशी कामं वर्षभर चालत, पण त्याचा जीव होता तो कॅलेंडरात. गिरणीवाले, किराणावाले, सोनार, मिठाईवाले यांची नावं वर टाकून तो एकपानी कॅलेंडर छापायचा. बारा महिन्यांचे बारा चौकोन, तारखेखाली मुंगीएवढ्या अक्षरात तिथी. आधी सगळं काळ्यात छापून वाळवायचं, मग लाल शाई लावून तोच कागद पुन्हा ट्रेडल मशीनवर चढवायचा. काळा फर्मा, म्हणजे खिळे बसवलेली चौकट, जुळारी जुळवी. लाल मात्र मामा स्वतः. "काळं कुनीबी छापील," तो म्हणायचा, "लाल म्हंजे लोकांची सुट्टी. ती चुकली तर मानूस घरी बसायचा त्या दिवशी कामावर, आन् कामावर जायचा त्या दिवशी घरी."

हे लाल ठरवणं दिसतं तितकं सोपं नसे. सण पंचांगातून घ्यायचे, बँकेच्या सुट्ट्या बँकेतून, सरकारी सुट्ट्या तहसीलदार कचेरीतल्या ओळखीच्या माणसाकडून. खाडीकडचे मिठागरवाले येऊन सांगत की आम्हाला सुट्टी नको, उधाणाचे दिवस दाखवा. म्हणून मामा अमावास्या-पौर्णिमेला कडेला एक बारीक लाट काढायचा. रोह्याचे कासमभाई, बाजारातले कापडवाले, ईदच्या तारखेवरून दर साली त्याच्याशी हुज्जत घालत. "चाँद तुमच्या छापखान्यात नाय उगवत, मामा. एक दिवस इकडंतिकडं व्हनारच." मग मामा ईदच्या तारखेशेजारच्या तारखेलाही नुसती लाल चौकट घालायचा. भरलेली लाल म्हणजे बहुतेक, पोकळ लाल म्हणजे कदाचित. आमच्या भागात मुसलमानच काय, बाकीचेही ही खूण ओळखायचे.

असा हा काटेकोर माणूस एकदा चुकला, आणि चुकला तो आमच्या घरावर. मी तेव्हा मस्कतला एका कंपनीच्या गोदामात होतो. रजा दोन वर्षांतून एकदा, एक महिना. दिवाळीनंतर बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. आईने पत्रात लिहिलं होतं की बाबा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतायत: येत्या गणपतीला पूजेला तू बसायचंस, म्हणजे त्यांच्या डोळ्यांदेखत पूजा तुझ्या हाती येईल. त्यापुढचा गणपती ते पाहतील असं डॉक्टरांना वाटत नव्हतं, हे आईने लिहिलं नव्हतं, पण मला कळलं. डिसेंबरात गावचा एकजण मस्कतला आला, त्याच्याबरोबर मामाचं नवं कॅलेंडर आलं. मी ते पलंगाशेजारी टांगलं आणि गणपतीची लाल तारीख बघून कंपनीच्या रजेच्या तक्त्यात ऑगस्ट लिहून टाकला.

त्या वर्षी भाद्रपद दोन होते. आधी अधिक, मग निज, म्हणजे खरा. अधिक महिन्यात सण करत नाहीत, हे मामाला काय सांगायचं? काळ्या छपाईत त्याने 'अधिक भाद्रपद' नीट दाखवलेलाही होता. पण लाल लावताना बोट वरून खाली फिरवत गेला, पहिली भाद्रपद शुद्ध चतुर्थी दिसली आणि तिथे श्रीगणेश चतुर्थी बसवून मोकळा झाला. चूक पकडली हमरापूरच्या गोविंदा पाटलाने. त्याचा मूर्तींचा कारखाना. माघी गणपतीच्या सुमारास तो काहीतरी छापायला आला, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि हसत सुटला. "मामा, अधिकात लगीन नाय, मुंज नाय, आन् तुमी थेट बाप्पाच आनलाव! आमच्या मूर्ती तवा वल्या असतील वो. बाप्पाला कुडकुडत बसवू का काय?"

मामा हसला नाही. मामी सांगते, तो त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने दोन प्रकारच्या चिठ्ठ्या छापल्या. एक पांढरी, तिच्यावर काळ्यात साधी तारीख. ती ऑगस्टातल्या लाल तारखेवर चिकटवायची. दुसरी लाल अक्षरांची, सप्टेंबरसाठी. तिथे खरा गणपती रविवारी येत होता, म्हणजे तारीख आधीच लाल, नुसतं सणाचं नाव डकवायचं होतं. डब्यात खळ घेऊन, लूनावर बसून तो महिनाभर फिरला. पेणची दुकानं, हमरापूरचे कारखाने, नागोठणं, निडी, रोहा. निडी स्टेशनवरच्या खोलीतलं कॅलेंडरसुद्धा त्याने सोडलं नाही. दुकानदार म्हणायचे, असू दे मामा, आम्हाला म्हाईत हाय गणपती कधी तो. मामा म्हणायचा, तुला म्हाईत हाय, भिंतीला नाय. आमच्या घरी आला तेव्हा आईने विचारलं, मस्कतच्या भिंतीचं काय करणार दादा? मामाने खळीचा डबा खाली ठेवला आणि माझा पत्ता मागितला, असं आई सांगायची.

त्याचं पत्र आलं त्यात दोन चिठ्ठ्या होत्या आणि चार ओळी. पण तक्ता भरून झाला होता. सप्टेंबर ज्याचा होता त्याच्या घरी लग्न, तो हलेना. राजन म्हणून एक केरळचा होता, त्याचा ऑक्टोबर. मी ऑगस्ट सोडतो म्हटल्यावर त्याने मला मिठीच मारली. त्याचा ओणम ऑगस्टच्या शेवटी येत होता आणि गेली तीन वर्षं तो सण हुकला होता, कारण गणपतीसाठी तो महिना कुणीतरी मराठी माणूस आधीच धरून बसायचा. त्यातल्या एका वर्षी तो मीच होतो. मला हे कधी माहीतही नव्हतं. त्याला ऑगस्ट दिला, त्याचा ऑक्टोबर घेतला. ऑक्टोबरात मी पोचणार होतो तेव्हा अनंतचतुर्दशीही होऊन गेलेली असणार होती.

हे बाबांना कळल्यावर त्यांनी जाहीर केलं की यंदा घरात गणपती आणायचा नाही. मामा धावत आला. म्हणाला, भावोजी, मी बसतो पूजेला, माझी चूक हाय. बाबांनी मान हलवली. "पोर येल तवाच," एवढंच म्हणाले. आईला रडू फुटलं, कारण पिढ्यान्‌पिढ्या न चुकलेला गणपती चुकवायचा म्हणजे काय ते तिला कळत होतं. गल्लीत आरत्या झाल्या, आमच्या घरात मखर नाही. गणपतीचे ते दिवस आईने दार लोटून काढले.

अनंतचतुर्दशीच्या आदल्या दिवशी मामा पुन्हा आला तो गोविंदा पाटलाला घेऊनच. आमच्याकडे, पेण भागात, भाद्रपदातल्या पौर्णिमेनंतरच्या संकष्टीला साखरचौथीचा गणपती बसतो. ज्यांना सुतकामुळे गणपतीत मूर्ती आणता आली नाही ते तेव्हा आणतात. शिवाय मूर्ती करणारे आणतात, कारण लोकांचे बाप्पा घरोघर पोचते करताना त्यांना स्वतःच्या घराकडे बघायला सवड नसते. गोविंदाच्या घरीही तोच बसतो. मामाने बाबांच्या खाटेशी बसून सांगितलं की यंदा साखरचौथीला आपल्याकडे बाप्पा आणायचा. बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "सुतक कुठंय आपल्याकडं?"

"हाय की," मामा म्हणाला. "माझ्या छापखान्याचं. लाल शाई मेली तिकडं माझी."

आजारपणानंतर बाबा पहिल्यांदा हसले ते तेव्हा. अर्ध्या तोंडाने हसले, पण हसले.

मी विमानतळावरून घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी साखरचौथ होती. गोविंदाने स्वतः रंगवलेली लहानशी मूर्ती आणून दिली. बाबांना खाटेवर उशा लावून बसवलं. मी सोवळं नेसून पाटावर बसलो आणि त्यांनी जड जिभेने मला पहिल्यापासून शेवटपर्यंत चुका काढत नेलं. आधी पाणी, मग दूर्वा, हात उजवा, उजवा म्हटलं ना, अक्षता त्या नव्हेत. मोदक आईचे. चंद्रोदय झाल्यावर सगळे जेवायला बसलो. मामा दाराशी बसला होता, आरतीला टाळ वाजवत. मी त्याच्याकडे बघून हसलो तर त्याने मान फिरवली. दीड दिवसाने विसर्जन केलं. बाबा गेले ते मार्गशीर्षात. मी परत मस्कतला पोचलो होतो, त्यामुळे त्यांच्याबरोबरची माझी शेवटची गोष्ट म्हणजे ती पूजा. एवढं मला मिळालं.

पुढच्या वर्षापासून मामाच्या कॅलेंडरात साखरचौथ लाल छापून येऊ लागली. सरकार, बँक, कंपनी, कुणीही त्या दिवशी सुट्टी देत नाही. रोह्याच्या एका कारखान्यात तर चारजण कॅलेंडर घेऊन टाइम ऑफिसात गेले, साहेब, इथं लाल हाय, आमची शिफ्ट कशी लावली? साहेबाने म्हणे छापखान्याचा पत्ता विचारला. मी मामाला पत्रातून चिडवलं की आता तू स्वतःच सुट्ट्या जाहीर करायला लागलास. त्याचं उत्तर आलं नाही.

उत्तराऐवजी वर्षाच्या अखेरीस प्रूफ आलं. मस्कतच्या पत्त्यावर, जाड पाकिटात, नव्या वर्षाच्या लाल तारखांचं प्रूफ. सोबत चिठ्ठी: 'नीट वाच. खाली चूक नाही असं लिही आणि सही कर. ती आल्याशिवाय लाल चढवणार नाही.' मी वाचलं, सही केली आणि 'चूक नाही' ऐवजी गंमत म्हणून लिहिलं, 'पाहिलं'. पुढच्या साली पुन्हा प्रूफ, पुन्हा तीच चिठ्ठी, आणि माझं पुन्हा 'पाहिलं'. तो आमचा खेळच झालाय असं मी धरून चाललो होतो. मी कायमचा घरी आलो त्या वर्षी तो प्रूफ घेऊन एस.टी.ने वरसेला आला, समोर बसला, मला मोठ्याने वाचायला लावलं. वाचून झाल्यावर म्हणाला, "लिही ना रे, चूक नाय म्हनून." मी म्हटलं, "मामा, एकदा चुकलेल्या माणसाला असं सर्टिफिकेट देत नाहीत." तो हसला, कागद घडी करून खिशात घातला आणि चहा न घेता पाचची गाडी पकडली. चहा न घेता तो आमच्याकडून कधी गेला नव्हता. मला तेव्हाच कळायला हवं होतं... नाही कळलं.

परवा दीपक आला होता. मामा पुढच्या वर्षाचा कच्चा तक्ता उन्हाळ्यातच हाताने करून ठेवायचा, तो घेऊन. आता छापखाना दीपकच चालवतो. म्हणाला, आमच्या बाबांचा नियम आहे, तू वाच. मी मोठ्याने वाचायला लागलो. जानेवारीत रमजान ईद, भरलेली लाल, शेजारी पोकळ. संक्रांत, शिमगा, पाडवा, गणपती, साखरचौथ, दसरा, दिवाळी. आणि डिसेंबरात, वर्ष संपता संपता, पुन्हा रमजान ईद. मी थांबलो. शेवटी शेवटी मामाचं मन थकलं असेल, असं म्हणून मी डिसेंबरातल्या ईदवर पेन्सिलीने काट मारली. दीपक म्हणाला, एकदा कासमभाईंना विचारू या. बाजारात त्यांच्या दुकानात गेलो. त्यांनी तक्ता बघितला, माझी काट बघितली आणि चश्मा काढला.

"पुसा ती. पुढच्या साली ईद दोनदा हाय. चाँदाचं वरीस अकरा दिवसांनी लहान, ती जानेवारीत आली की डिसेंबरात परत येते. मामा इथंच बसून बोटांवर मोजून गेला, तीनदा मोजलं त्यानं. मला बोलला, कासमभाई, यात चूक नाय ना? भाच्याला दाखवायचंय."

मी दुकानातच खोडरबर मागून घेतलं आणि काट पुसली. कागदावर थोडा काळा डाग राहिला. मग सगळा तक्ता पुन्हा पहिल्यापासून वाचला, मनातल्या मनात, एकेक लाल तारीख. कासमभाईंच्या कापडाच्या फळीवर कागद ठेवून खाली लिहिलं, 'चूक नाही', आणि सही केली. दीपकने कागद घेतला, ते दोन शब्द वाचले आणि मला विचारलं, "लाल चढवू?"

मी खोडरबर परत करत होतो. कासमभाईच म्हणाले, "चढव."